पराभूत संघासाठी लिहिलेले नियम

धाराशिव जिल्ह्यात तालुके ८ आहेत : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. बाद पद्धतीच्या स्पर्धेला याहून सोयीचा आकडा शोधूनही सापडणार नाही. प्रत्येक तालुक्याचा एक फुटबॉल संघ धरला तर आधी ४ सामने, मग २ उपांत्य आणि शेवटी एक अंतिम. एकूण ७ सामन्यांत करंडकाचा मालक ठरतो. हा ७ चा आकडा पाठ करायची गरज नाही. बाद पद्धतीत प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. ८ पैकी ७ जणांना घरी पाठवायचे तर सामने ७ च लागणार. संघ ११ असतील तर सामने १०, आणि २३ असतील तर २२. मंडप, पंचांचे मानधन, पाण्याचे जार, जेवणावळ, सगळ्याचा अंदाज याच एका वजाबाकीवरून बांधता येतो.

या वजाबाकीची दुसरी बाजू मात्र आयोजकांच्या ध्यानात उशिरा येते. पहिल्याच फेरीत निम्म्या संघांची स्पर्धा संपते. समजा, परंड्याची पोरं पहाटेची एसटी धरून धाराशिवला आली, ७० मिनिटे खेळली आणि एका गोलने हरली. संध्याकाळी ती पुन्हा गाडीत. साखळी स्पर्धेत पंचाची एखादी चूक किंवा समोरच्या संघात घुसलेला परका खेळाडू यांचे नुकसान पुढच्या दोन सामन्यांत भरून निघू शकते. इथे पुढचा सामनाच नसतो. म्हणून बाद स्पर्धेची नियमावली लिहिताना विजेत्याचा विचार करून चालत नाही. विजेता कुठल्याही नियमावर खूशच असतो. ती लिहायची ती हरून परतणाऱ्या त्या मुलांसाठी. एसटीत बसल्यावर त्यांनी सुटलेल्या गोलबद्दल हळहळावे, पण आपल्याला फसवले असे म्हणायला त्यांना जागा उरू नये.

धाराशिवकरांना हे नव्याने समजावून सांगायला नको. खो-खोत या जिल्ह्याने देशाला खेळाडू दिले आहेत. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. सामना बरोबरीत सुटला की जादा डाव आणि त्यानंतरही पेच राहिला तर लघुत्तम आक्रमण, हे इथल्या मैदानावर रोज सरावाला येणाऱ्या शाळकरी मुलीला तोंडपाठ असते. नियम सामन्याच्या आधीपासून माहीत असला की निकाल पचवणे सोपे जाते.

फुटबॉलची मुळे इथे तेवढी खोल गेलेली नाहीत. शाळकरी मुलांना तो भेटतो मुख्यतः सुब्रतो करंडकाच्या निमित्ताने. १९६० मध्ये सुरू झालेल्या या आंतरशालेय स्पर्धेची अंतिम फेरी देशपातळीवर होत असली तरी तिची पायरी जिल्ह्यापासून सुरू होते. जिल्हा जिंकणारी शाळा पुढे लातूर विभागात खेळते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला. त्याआधी १५ सप्टेंबरला 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या मोहिमेत राज्यभरातल्या मैदानांवर एकाच दिवशी फुटबॉल खेळला गेला. चेंडू शाळाशाळांत पोचले. आता तालुक्याच्या मंडळांनी आणि क्रीडाशिक्षकांनी स्वतः स्पर्धा भरवायची वेळ आली आहे, आणि तिथे फ्लेक्स आणि करंडक आधी ठरतात, नियमांचा कागद सगळ्यात शेवटी निघतो. हा क्रम उलटा व्हायला हवा.

कागद नीट नसला की काय होते, हे पाहायला फुटबॉलच्या पहिल्याच मोठ्या बाद स्पर्धेकडे जावे. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस चार्ल्स अल्कॉक यांनी २० जुलै १८७१ रोजी लंडनच्या एका बैठकीत ही कल्पना मांडली. हॅरो या त्यांच्या शाळेत वसतिगृहांचे सामने असेच होत : जे घर हरेल ते बाहेर. ती शाळकरी रीत त्यांनी देशभरच्या क्लबांसाठी उचलली आणि एफए कप जन्माला आला. करंडक २० पौंडांचा, नाव दिलेले संघ १५.

त्या वर्षीचा विजेता वाँडरर्स. त्यांचा प्रवास पाहण्यासारखा आहे. पहिल्या फेरीत समोरच्या हॅरो चेकर्सने माघार घेतली आणि वाँडरर्स न खेळता पुढे गेले. दुसऱ्या फेरीतला सामना त्यांनी जिंकला. तिसऱ्या फेरीत क्रिस्टल पॅलेसशी बरोबरी झाली, तर दोन्ही संघांना पुढे सोडण्यात आले. उपांत्य फेरीत गाठ पडली ती ग्लासगोच्या क्वीन्स पार्कशी. हा संघ त्याहून विलक्षण. पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश, आणि प्रतिस्पर्ध्याची माघार यांच्या जोरावर तो एकही सामना न खेळता उपांत्य फेरीत पोचला होता. लंडनपर्यंत येऊन त्यांनी वाँडरर्सला गोलशून्य बरोबरीत रोखले. फेरसामना खेळायचा तर पुन्हा खर्च आला. तो झेपेना म्हणून त्यांनी माघार घेतली. अशा रीतीने सबंध स्पर्धेत एकच सामना जिंकलेला वाँडरर्स अंतिम फेरीत आला. १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हलवर त्यांनी रॉयल इंजिनियर्सला १-० हरवले. गोल करणाऱ्याचे नाव नोंदले गेले 'ए. एच. चेकर'. ते टोपणनाव होते. खेळाडू होता मॉर्टन बेट्स, आणि टोपणनावाचे मूळ होते हॅरो चेकर्स, म्हणजे पहिल्या फेरीत वाँडरर्ससमोरून माघार घेतलेला तोच क्लब. बेट्स त्याचा सभासद होता.

माघार, बरोबरी, प्रवासाचा खर्च आणि दुसऱ्या संघाचा खेळाडू. दीडशे वर्षे उलटली तरी हौशी स्पर्धा आजही बहुधा याच चार ठिकाणी फुटते. अल्कॉक यांची चूक काढायचे कारण नाही. त्यांच्यापुढे नमुनाच नव्हता. आपल्यापुढे आहे.

भारतात ही पद्धत ब्रिटिश पलटणींबरोबर आली. सिमल्यात १८८८ मध्ये ड्युरँड करंडक, मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स करंडक, कलकत्त्यात १८९३ मध्ये आयएफए शील्ड. रोव्हर्स सुरुवातीला गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. तो जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स, साल १९३७. मोहन बागानने मात्र १९११ मध्येच ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून शील्ड जिंकली होती. बाद पद्धतीची खरी ओढ इथे आहे. लांबलचक साखळीत सहसा बलवान संघच वर येतो. एका दुपारच्या सामन्यात कुणीही कुणाला पाडू शकतो. लोहाऱ्याच्या संघालाही ती एक दुपार मिळाली पाहिजे, आणि ती मिळते की नाही हे भाग्यपत्रिकेवर, म्हणजे कुणाची गाठ कुणाशी हे ठरवणाऱ्या तक्त्यावर, अवलंबून असते.

भाग्यपत्रिका काढायची ती सर्व संघांच्या प्रतिनिधींसमोर, दिवस आणि वेळ आधी कळवून. ८ किंवा १६ संघ असतील तर चिठ्ठ्या उचलल्या की काम झाले. पण हौशी स्पर्धेत संघ क्वचितच एवढे आखीव येतात. समजा ११ आले. मग पुढचा दुपटीचा आकडा १६. त्यातून ११ वजा केले की ५ उरतात. एवढ्या संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते, उरलेले ६ संघ ३ सामने खेळतात, आणि दुसऱ्या फेरीत बरोबर ८ संघ उरतात. पुढे चाल कुणाला द्यायची याचीही रीत शारीरिक शिक्षणाच्या वर्गात शिकवली जाते : पहिली चाल खालच्या अर्ध्या भागातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथी वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला. चाली दोन्ही अंगांना सारख्या पसराव्यात म्हणून ही योजना. ज्या क्रीडाशिक्षकांनी हे केवळ परीक्षेपुरते पाठ केले असेल त्यांनी त्याचा उपयोग इथे करावा. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवावी : पुढे चाल फक्त पहिल्या फेरीत. ती पुढच्या फेऱ्यांत शिल्लक ठेवली की न खेळता उपांत्य फेरीत पोचणारा क्वीन्स पार्क तयार होतो. गेल्या वर्षीचा विजेता आणि उपविजेता यांना दोन वेगळ्या अर्ध्या भागांत ठेवणे रास्त. बाकी सगळे चिठ्ठीवर सोडावे. यजमान मंडळाच्या संघालाही त्याच डब्यातली चिठ्ठी.

खेळाडूंच्या पात्रतेचा नियम लिहायला सर्वांत अवघड, आणि सगळी भांडणे त्याच्यापाशी. कोल्हापूरकडून इथे शिकण्यासारखे आहे. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा संपली की राजर्षी शाहू स्टेडियमवर एकामागून एक बाद पद्धतीचे करंडक रंगतात. पेठेची इभ्रत पणाला लागलेली असते, हजारोंची गर्दी असते. अशा वातावरणात स्पर्धा चालतात त्यामागे एक साधी गोष्ट आहे : हंगामाच्या आरंभी खेळाडूची संघाकडे रीतसर नोंदणी होते. कोण कुणाचा, हे सामन्याच्या दिवशी ठरत नाही. २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

तालुका स्पर्धेला एवढी यंत्रणा नसते, पण तिचा गाभा एका तक्त्यात मावतो. प्रत्येक संघाने पहिल्या सामन्याच्या किमान तीन दिवस आधी १८ किंवा २० खेळाडूंची यादी छायाचित्र आणि ओळखपत्रासह द्यावी. त्यानंतर नवे नाव नाही. एकदा एका संघाच्या यादीत नाव दिलेला खेळाडू त्या स्पर्धेत दुसऱ्या संघाकडून उतरणार नाही, मग त्याचा पहिला संघ हरलेला असो की माघार घेतलेला. बेट्सची वाट या एका वाक्याने बंद होते. बाहेरगावचे खेळाडू चालतील का, चालतील तर किती, हे प्रत्येक मंडळाने आपल्या हेतूप्रमाणे ठरवावे. गर्दी जमवायची असेल तर दारे उघडी ठेवावीत. तालुक्यातली मुले पुढे आणायची असतील तर दोनाहून अधिक बाहेरचे नकोत. धाराशिवच्या आजच्या स्थितीत हेच धोरण योग्य. वयोगटाची स्पर्धा असेल तर आधार कार्डावर विसंबू नये, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जन्मदाखला दोन्ही मागावेत. राष्ट्रीय पातळीवर वय तपासायला मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढतात. गावच्या मंडळाला ते शक्य नाही, म्हणून कागदाची छाननी यादी स्वीकारतानाच करावी. सामना संपल्यावर उघडकीला आलेले वय सगळ्यांच्याच जिवाला लागते.

आता तारखा. एप्रिल-मे महिन्यांत इथले ऊन चाळिशी ओलांडते. शारदीय नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत तुळजापूरच्या वाटा पायी चालणाऱ्या भाविकांनी भरलेल्या असतात आणि एसटीच्या गाड्या यात्रेला लागलेल्या असतात. चैत्र पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी. त्या दिवसांत अठरा वर्षांचा मुलगा शेतात हवा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा. उरतात डिसेंबर आणि जानेवारी, आणि हवाही तेव्हाच खेळायला उत्तम. उन्हाच्या दिवसांत खेळवणे भागच असेल तर नियमांत सोय आहे : पाणी पिण्यासाठी एका मिनिटापर्यंतचा, आणि शरीर थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा थांबा घेता येतो. मात्र तो स्पर्धेच्या नियमावलीत लिहिलेला हवा.

मैदानाबद्दल थोडक्यात. फुटबॉलच्या कायद्याप्रमाणे मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर, रुंदी ४५ ते ९० मीटर. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून ११ मीटरवर. जिल्ह्याच्या ठिकाणी जागेची अडचण नाही. तालुक्याच्या शाळेचे मैदान अनेकदा अपुरे पडते. पण हाच कायदा लहान मुलांच्या, ज्येष्ठांच्या आणि तळागाळातल्या फुटबॉलसाठी मैदानाचा आकार, चेंडूचे माप, खेळाची वेळ कमी करायला आणि बदललेल्या खेळाडूला परत आत घ्यायला राष्ट्रीय संघटनेच्या संमतीने मोकळीक देतो. मुरमाचे मैदान खेळाडूंचे गुडघे सोलते, काळ्या मातीचे उन्हाळ्यात भेगाळते. रोलर आणि पाणी दोन दिवस आधी फिरले पाहिजे, फक्की सकाळी पडली पाहिजे. एका बाबतीत तडजोड नको. गोलचे खांब हलते असतील तर ते जमिनीत घट्ट रोवलेले किंवा बांधलेले असलेच पाहिजेत, हा कायदाच आहे. उभ्या गोलच्या आडव्या दांड्याला मुले लोंबकळतात. १०८ ची रुग्णवाहिका किती वेळात येईल याची चौकशीही आधीच करून ठेवावी.

उशिरा येणाऱ्या संघाचे काय करायचे, हा क्वीन्स पार्कचाच प्रश्न वेगळ्या वेषात. उमरगा एका टोकाला, परंडा दुसऱ्या. एसटी बंद पडते, जीपचा टायर फुटतो. किती मिनिटे थांबायचे याचा आकडा फुटबॉलच्या कायद्यात सापडणार नाही. तो स्पर्धेने ठरवायचा. २० मिनिटे पुरेशी आहेत. घड्याळ पंचाचे. वेळ झाली आणि एका संघाचे ७ खेळाडू जरी हजर असतील तरी सामना सुरू करता येतो. ७ पेक्षा कमी असतील तर करता येत नाही. हे ७ कायद्यातले आहेत. २० मिनिटांनंतर समोरच्या संघाला चाल द्यावी, मग आमदार साहेब मैदानावर आलेले असोत की नसोत. आणि लांबून येणाऱ्या संघांना प्रवेश फीमधून काही रक्कम प्रवासखर्चासाठी परत द्यावी. पहिल्या क्रमांकाचे रोख बक्षीस थोडे कमी झाले तरी चालेल. ८ संघ ठरले आणि ६ आले, तर बक्षिसाच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

सगळ्यात जास्त शाई खर्चायची ती बरोबरीवर. कारण साखळीत बरोबरी हाही निकाल असतो, बाद पद्धतीत कुणाला तरी जावेच लागते.

५ जून १९६८ रोजी नेपल्समध्ये युरोपीय अजिंक्यपदाचा उपांत्य सामना झाला. इटली आणि सोव्हिएत संघ १२० मिनिटे खेळले, गोल एकही नाही. नियमाप्रमाणे नाणे उडवले गेले. इटलीचा कर्णधार फाकेत्तीचा कौल बरोबर आला आणि इटली अंतिम फेरीत गेली. पुढे तिने युगोस्लाव्हियाला फेरसामन्यात हरवून करंडकही जिंकला. सोव्हिएत खेळाडूंचे काय चुकले होते, याला उत्तर नाही. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, खेळाचे कायदे करणाऱ्या मंडळाने पेनल्टी किकची पद्धत स्वीकारली. आजच्या कायद्यात विजेता ठरवायला नाणे चालत नाही. जादा वेळ, पेनल्टी, किंवा दोन्ही. दुहेरी लढत असेल तर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचे गोल. एवढेच मार्ग मान्य आहेत. एखाद्या मंडळाने अंधार पडला म्हणून नाण्यावर निकाल लावला तर तो फुटबॉलचा निकाल नव्हे.

जादा वेळ १५-१५ मिनिटांपर्यंतचा असू शकतो, पण तो द्यायलाच हवा असे बंधन नाही. एका दिवसात दोन सामने खेळणाऱ्या हौशी मुलांना जादा वेळ देणे म्हणजे दुखापतींना बोलावणे. उपांत्य फेरीपर्यंत थेट पेनल्टी आणि फक्त अंतिम सामन्यात १०-१० मिनिटांचा जादा वेळ, ही वाटणी शहाणपणाची. फेरसामना हा एके काळी एफए कपचा मान होता. २०२४-२५ च्या हंगामापासून मुख्य स्पर्धेत तोही बंद झाला. सामन्याची वेळ कमी करायची असली तर ते सामना सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे आणि स्पर्धेच्या नियमांत बसले पाहिजे. मध्यंतरात दोन्ही कर्णधार कबूल झाले तरी उत्तरार्ध छाटता येत नाही.

नवीन नियम शोधून काढायचा मोह अशा वेळी आयोजकांना होतो. त्यांनी बार्बाडोसचा सामना आठवावा. २७ जानेवारी १९९४, कॅरिबियन करंडकाची पात्रता फेरी, समोर ग्रेनाडा. बार्बाडोसला पुढे जायला दोन गोलांच्या फरकाने जिंकणे आवश्यक होते. आयोजकांनी नियम केला होता की जादा वेळेतला गोल सामना संपवेल आणि तो दोन गोलांएवढा मोजला जाईल. बार्बाडोस २-० ने पुढे असताना ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडाने एक गोल फेडला. दुसऱ्याच्या जाळ्यात गोल करण्यापेक्षा आपल्याच जाळ्यात करून बरोबरी साधणे सोपे, हे बार्बाडोसच्या लक्षात आले. ८७ व्या मिनिटाला त्यांनी मुद्दाम स्वयंगोल केला. आता ग्रेनाडाला कुठल्याही जाळ्यातला गोल चालणार होता, कारण २-३ ने हरूनही तो संघ पुढे जात होता. शेवटची काही मिनिटे बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही बाजूंचे गोल राखत धावत होते. जादा वेळेत त्यांनी गोल केला, फलक ४-२ झाला आणि ते पुढे गेले. कुणीही नियम मोडला नव्हता. दोष सर्वस्वी तो नियम लिहिणाऱ्यांचा.

पेनल्टीची रीत मात्र जगभर एकच आहे आणि ती जशीच्या तशी उतरवून घ्यावी. पंच नाणे उडवून किक कुठल्या गोलवर मारायच्या ते ठरवतो. पुन्हा उडवतो तेव्हा जिंकणारा कर्णधार आधी मारायचे की नंतर ते सांगतो. प्रत्येकी ५ किक, आलटून पालटून. निकाल आधीच स्पष्ट झाला तर उरलेल्या मारायच्या नाहीत. त्यानंतरही बरोबरी असेल तर एकेक, जोवर फरक पडत नाही तोवर. खेळ संपला तेव्हा मैदानात असलेलेच खेळाडू किक मारू शकतात, आणि एका संघाचा खेळाडू बाहेर काढला गेला असेल तर दुसऱ्या संघालाही आपला एक कमी करावा लागतो. हौशी स्पर्धेत हा शेवटचा मुद्दा हमखास विसरला जातो : ११ जणांचा संघ १० जणांशी पेनल्टी खेळतो आणि अकराव्या फेरीला वाद पेटतो. ४ जुलै २०२३ रोजी बंगळुरूत भारताने कुवेतला याच रीतीने, १-१ नंतर ५-४ असे नमवून सॅफ अजिंक्यपद जिंकले. शेवटचा फटका गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला. तो सामना पाहिलेल्या मुलांना ही रीत समजावून सांगणे फार सोपे जाते.

पंच स्पर्धेचा कणा. राज्यातली अधिकृत संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, अर्थात विफा. तिच्या मार्फत प्रशिक्षित पंच मागवावेत, आणि निदान मुख्य पंच तरी खेळणाऱ्या दोन्ही तालुक्यांबाहेरचा असावा. खेळातल्या घटनांबद्दल, गोल झाला की नाही यासह, त्याचा निर्णय अंतिम. म्हणून हरकत फक्त पात्रतेवर आणि स्पर्धेच्या नियमांवर घेता यावी. ती लेखी, सामना संपल्यापासून तासाभरात, ठरावीक अनामत भरून. हरकत टिकली तर अनामत परत. निर्णय तिघांनी द्यावा, तिघांपैकी कुणाचाही स्पर्धेत संघ नसावा, आणि पुढच्या सामन्याआधी तो लेखी मिळावा. पाऊस, अंधार किंवा हुल्लडीमुळे सामना अर्धवट राहिला तर स्पर्धेचा वेगळा नियम नसल्यास तो पुन्हा खेळवायचा असतो. वेगळा नियम हवाच. नाहीतर ३-० ने मागे पडलेल्या संघाचे समर्थक मैदानात उतरतील आणि त्यांना नवा सामना मिळेल. ज्याच्या समर्थकांनी सामना थांबवला तो संघ बाद, असे एक वाक्य पुरे.

कार्डांबाबत लहान स्पर्धेने उदार असावे. लाल कार्डाला पुढचा सामना बंद, यात सूट नाही. पिवळी कार्डे मात्र एका सामन्यातून दुसऱ्यात मोजू नयेत. २००२ च्या विश्वचषकात जर्मनीचा मिखाएल बालाक उपांत्य सामन्यातल्या पिवळ्या कार्डामुळे अंतिम सामन्याला मुकला. २०१० पासून फिफा उपउपांत्य फेरीनंतर पिवळी कार्डे पुसून टाकते. ज्या स्पर्धेत विजेत्यालाही तीनच सामने खेळायचे आहेत, तिथे किरकोळ गुन्ह्यासाठी मुलाचा अंतिम सामना हिरावणे निष्ठुरपणाचे होईल.

करंडकाचीही एक ओळ लागते. तो फिरता असेल तर कुणाकडे, किती दिवस, किती अनामतीवर आणि तुटला तर कुणाच्या खर्चाने? एफए कपचा मूळ करंडक ॲस्टन व्हिलाने १८९५ मध्ये जिंकला आणि बर्मिंगहॅममधल्या विल्यम शिलकॉक यांच्या दुकानात शोभेसाठी ठेवला. ११ सप्टेंबरच्या रात्री तो चोरीला गेला. संघटनेने व्हिलाला २५ पौंड दंड केला आणि त्यातून नवा करंडक घडवला.

हे सगळे लिहून काढले तर फुलस्केपची दोन पाने होतात. धाराशिव, कळंब किंवा उमरग्यात पुढच्या डिसेंबरात कुणी करंडक भरवणार असेल, तर ती दोन पाने फ्लेक्स छापायच्या आधी तयार करावीत. भाग्यपत्रिकेच्या दिवशी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावीत, शंका तिथेच ऐकाव्यात, बदल तिथेच करावेत, आणि आठही कर्णधारांच्या सह्या घेऊन एकेक प्रत प्रत्येकाच्या हाती द्यावी. पहिला सामना त्यानंतर.